डी अँड डीची नवी आवृत्ती घ्यावी का? आधी गॅरी गायगॅक्सची गोष्ट वाचा

'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिली असेल तर तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकणारी ती पोरं आठवत असतील. ती खेळतात तो गेम म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', थोडक्यात डी अँड डी. स्क्रीन नाही, कंट्रोलर नाही. एक जण डन्जन मास्टर होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि तलवारीचा वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

२०१४ साली या गेमची पाचवी आवृत्ती आली. २०२४ मध्ये तिचीच सुधारित पुस्तकं यायला लागली. प्लेयर्स हँडबुक, डन्जन मास्टर्स गाइड आणि मॉन्स्टर मॅन्युअल अशी तीन. अमेरिकेत प्रत्येकाची छापील किंमत जवळपास ५० डॉलर, म्हणजे चार हजार रुपयांच्या वर. घ्यायची की नाही? मी सध्या याच विचारात आहे. रिव्ह्यू व्हिडिओ भरपूर पाहिले, पण खरी मदत झाली ती हा गेम बनवणाऱ्या माणसाच्या आयुष्याची.

विमा कंपनी ते चपला दुरुस्ती

गॅरी गायगॅक्सचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्हायोलिन वाजवणारे. गॅरी आठ वर्षांचा असताना कुटुंब विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात राहायला गेलं. शाळा त्याने अर्धवट सोडली. पुढे लग्न झालं, पाच मुलं झाली, आणि तो शिकागोत एका विमा कंपनीत अंडररायटर म्हणून काम करू लागला. विम्यात काम काय? कोणत्या गोष्टीची शक्यता किती, याचे तक्ते बघायचे. डी अँड डीच्या पुस्तकांत जागोजागी तक्ते का असतात, याचा अंदाज इथे येतो.

त्याला वेड होतं वॉरगेम्सचं, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळण्याचं. १९६८ मध्ये त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल भाड्याने घेऊन अशा खेळाडूंचं संमेलन भरवलं. तेच 'जेन कॉन', जे आजही दरवर्षी भरतं.

१९७० मध्ये त्याची नोकरी गेली. घर चालवायला तो तळघरात चपला-बूट दुरुस्त करू लागला आणि उरलेल्या वेळात नियम लिहू लागला. १९७१ मध्ये जेफ पेरेनसोबत लिहिलेलं 'चेनमेल' आलं. मध्ययुगीन लढाईचे नियम, आणि शेवटी जादूगार-ड्रॅगनसाठी एक पुरवणी.

व्हर्जन १.०

ती पुरवणी मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनने उचलली. त्याने एक वेगळाच प्रकार सुरू केला होता: प्रत्येक खेळाडूकडे अख्खं सैन्य न देता एकच पात्र द्यायचं, आणि ते पात्र एका खेळातून दुसऱ्या खेळात अनुभव घेऊन वाढत जाणार. आर्नेसनने हे गॅरीला खेळून दाखवलं. गॅरीने लगेच नियम लिहायला घेतले. त्याच्या नियमांचे पहिले टेस्टर कोण? त्याचीच मुलं.

छापायला मोठा प्रकाशक तयार होईना. मग १९७३ मध्ये गॅरी आणि बालमित्र डॉन के यांनी 'टॅक्टिकल स्टडीज रूल्स' म्हणजे टीएसआर ही कंपनी काढली. ब्रायन ब्लूम पैसे घालून भागीदार झाला. जानेवारी १९७४ मध्ये पहिला डी अँड डी बाजारात आला: लाकडाच्या रंगाचा बॉक्स, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, प्रती १,०००. बॉक्स हातानेच भरले होते.

त्या पुस्तिकांत नियम अर्धवट होते. काही ठिकाणी तर 'चेनमेल' हाताशी आहे असं गृहीत धरलेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन कच्चं, पण कल्पना जबरदस्त. लोकांनी गाळलेल्या जागा स्वतः भरल्या. गॅरीचंही तेव्हा म्हणणं असंच होतं की नियम ही सुरुवात आहे, पुढचं तुम्ही ठरवा.

पहिलं 'अपग्रेड' का आलं?

१९७७ ते १९७९ या काळात 'अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डी'ची तीन जाडजूड पुस्तकं आली. नियम पक्के झाले, स्पर्धांमध्ये सगळीकडे सारखाच खेळ होऊ लागला. आता मात्र गॅरीचा सूर बदलला. सगळ्यांनी पुस्तकाप्रमाणेच खेळावं, असा आग्रह तो धरू लागला.

याला एक व्यावहारिक बाजूही होती. टीएसआरचं म्हणणं होतं की 'अ‍ॅडव्हान्स्ड' हा वेगळाच गेम आहे, त्यामुळे त्यावर आर्नेसनला रॉयल्टी नाही. आर्नेसन १९७९ मध्ये कोर्टात गेला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. म्हणजे बघा, नवी आवृत्ती खेळ सुधारण्यासाठी असते, आणि कधी कधी हिशेब नव्याने मांडण्यासाठीही असते. त्या पहिल्याच वेळी दोन्ही कारणं एकत्र होती.

मालक बदलला, गेम चालू राहिला

डॉन के १९७५ मध्येच हार्ट अटॅकने गेला होता. ब्लूम भावांकडे कंपनीचा मोठा हिस्सा आला. गॅरी हॉलिवूडमध्ये डी अँड डीचं कार्टून उभं करत होता तेव्हा इकडे कंपनी कर्जात बुडत होती. १९८५ मध्ये ब्लूम भावांनी आपले शेअर्स लोरेन विल्यम्स यांना विकले आणि गॅरीच्या हातून त्याचीच कंपनी गेली. १९८९ ची दुसरी आवृत्ती त्याच्याशिवाय आली. १९९७ मध्ये टीएसआर विझार्ड्स ऑफ द कोस्टने घेतली, १९९९ मध्ये विझार्ड्सला हॅस्ब्रोने घेतलं. तिसरी आवृत्ती २००० मध्ये आली, चौथी जून २००८ मध्ये.

ती चौथी आवृत्ती गॅरीने पाहिली नाही. ४ मार्च २००८ ला तो लेक जिनिव्हातच गेला, वय ६९. कंपनी गेल्यानंतरही तो नवे गेम लिहीत राहिला आणि घरी येणाऱ्या लोकांसोबत खेळत राहिला. त्याच्या टेबलावरचा खेळ कुणाला विकत घेता आला नाही.

मग माझा निर्णय काय?

आमचा पाच जणांचा ग्रुप २०१४ च्या नियमांवर खेळतो. त्यातल्या एका मित्राची नोकरी यंदा गेली. सगळ्यांनी नवीन पुस्तक घ्यायचं ठरवलं तर तो काही बोलणार नाही, फक्त हळूहळू यायचा बंद होईल. चार हजारांपेक्षा ही किंमत मला मोठी वाटते. म्हणून मी असं ठरवलंय:

- चालू असलेली गोष्ट जुन्या नियमांवरच संपवायची. मध्येच व्हर्जन बदललं की गोंधळ होतो, हे कोड लिहिणाऱ्याला वेगळं सांगायला नको.
- नवीन नियमांचा गाभा 'एसआरडी ५.२' या नावाने क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली मोफत उपलब्ध आहे. आधी तो मोबाइलवर घेऊन एक छोटी मोहीम खेळायची. शस्त्रांचे नवे 'मास्टरी' गुण त्यात बघता येतील.
- आवडलं तर ग्रुपमध्ये मिळून एकच प्लेयर्स हँडबुक घ्यायचं. जुन्या साहसकथा नव्या नियमांवर चालतात, त्यामुळे बाकीची दोन पुस्तकं लगेच लागत नाहीत.

तुम्ही नव्यानेच सुरुवात करत असाल तर गणित वेगळं आहे: मोफत नियम वाचा, आणि पुस्तक घ्यायचंच असेल तर थेट २०२४ चं घ्या, जुनं शोधत बसू नका. पण तुमचा ग्रुप आधीच जमलेला असेल, तर खरेदीआधी एवढंच बघा की टेबलाभोवतीची एखादी खुर्ची त्यामुळे रिकामी होणार आहे का.