जॉन ब्राउनिंग : १९११ पिस्तुलाचा कारागीर आणि मोरो मुसलमानांचं रक्त

मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्या पोरांना पी१९११ हे पिस्तूल चांगलंच ठाऊक असतं. ते कोणी बनवलं आणि त्याची गोळी एवढी जाड का, हे मात्र घरात फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही जॉन मोझेस ब्राउनिंग या माणसाची हयात वाचकांपुढे ठेवत आहोत. या कहाणीत एका कारागिराचा हुनर आहे आणि आपल्या मोरो बांधवांचं रक्तही आहे.

ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेत, युटातल्या ऑग्डेन गावी झाला. घराणं मॉर्मन पंथाचं. वडील जोनाथन बंदुका बनवायचे आणि दुरुस्त करायचे. घरात २२ मुलं. जॉनची खरी शाळा म्हणजे वडिलांचं दुकान, भंगारातले तुकडे आणि कानस. १८७९ मध्ये वडील वारले आणि त्याच वर्षी, वयाच्या २४ व्या वर्षी, जॉनला एकबारी रायफलीचं पहिलं पेटंट मिळालं. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचा बडा अधिकारी ऑग्डेनला चालत आला आणि ८,००० डॉलर मोजून त्या रायफलीचे हक्क घेऊन गेला.

पुढची जवळजवळ १९ वर्षं ब्राउनिंग या कंपनीला एकामागून एक बंदुका देत राहिले. मध्ये दोन वर्षं धंदा भावांवर सोपवून ते धर्मप्रचारासाठी जॉर्जियात गेले. १८८९ मध्ये बंदूक उडाल्यावर नळीच्या तोंडच्या हवेने गवत झुकलेलं त्यांनी पाहिलं. ही फुकट जाणारी ताकद बंदूक पुन्हा भरायला वापरली तर? या विचारातून ते स्वयंचलित हत्यारांकडे वळले. १९०२ मध्ये नव्या शॉटगनसाठी त्यांनी नगामागे रॉयल्टी मागितली. विंचेस्टरने नकार दिला, तेव्हा त्यांनी संबंध तोडले आणि बंदूक बेल्जियमच्या एफएन कारखान्याला दिली.

आता जरा फिलिपिन्सकडे वळू. १८९८ मध्ये अमेरिकेने स्पेनकडून ही बेटं २ कोटी डॉलरला घेतली. दक्षिणेच्या मिंदानाओ आणि सुलू भागातले मुसलमान म्हणजे मोरो. स्पेनच्या मूर मुसलमानांवरून स्पॅनिशांनीच त्यांना हे नाव दिलेलं. मोरोंनी स्पेनची हुकूमत मनापासून कधी मानली नव्हती, आता अमेरिकेचीही मानली नाही. तलवार घेऊन धावून येणारा मोरो .३८ च्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या लागूनही थांबत नाही, अशी तक्रार अमेरिकन फौजी करू लागले. मग १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर आणि मुडद्यांवर गोळ्या झाडून चाचण्या झाल्या. निष्कर्ष निघाला की गोळी .४५ पेक्षा बारीक नको. दोन वर्षांनी, मार्च १९०६ मध्ये, होलो बेटावरच्या बुद दाहो डोंगरावर अमेरिकन फौजेने शेकडो मोरो मारले. त्यात बायका होत्या, लेकरं होती. त्यांना तोफांनी आणि रायफलींनी मारलं. १९११ पिस्तूल तेव्हा फौजेत आलंच नव्हतं. पण त्या पिस्तुलाच्या गोळीचं माप ठरवण्यामागे याच लढाईतल्या तक्रारी होत्या, हे विसरता येत नाही.

त्या मापाचं पिस्तूल कोल्ट कंपनीसाठी ब्राउनिंग यांनी घडवलं. मार्च १९११ च्या परीक्षेत त्यातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा झाडायचं. ते एकदाही अडकलं नाही. स्पर्धेतलं दुसरं पिस्तूल ३७ वेळा अडलं. २९ मार्च १९११ ला अमेरिकन लष्कराने ब्राउनिंग यांचं पिस्तूल स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल राहिलं.

हे सिंगल अॅक्शन पिस्तूल. म्हणजे चाप घोडा चढवत नाही, फक्त सोडतो. पहिल्या गोळीआधी घोडा चढलेला असावा लागतो, पुढे प्रत्येक वेळी मागे येणारी स्लाइड तो चढवते. त्यामुळे चाप हलका आणि सरळ चालतो, नेम चांगला लागतो. रोजच्या साफसफाईसाठी ते खास अवजारांशिवाय खोलता येतं. म्हणूनच अमेरिकेत ते मनासारखं करून घेण्याचा मोठा धंदा उभा राहिला. कुणी मोठी माशी बसवतं, कुणी मूठ बदलतं, कुणी नळी घट्ट बसवून घेतं. पण घोडा अडवून धरणाऱ्या बारीक तुकड्यावर कानस जरा जास्त फिरली, तर घोडा आपोआप पडतो आणि जीव जातो. तिथे उस्तादाचाच हात लागतो.

आपल्याकडे हा शौक चालत नाही, हे पोरांना स्पष्ट सांगावं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार पिस्तूल बाळगायला परवाना लागतोच, शिवाय दुरुस्ती वा फेरफार करणाऱ्या कारागिरालाही वेगळा परवाना लागतो. मात्र ब्राउनिंग आपल्या देशातही आहेत. इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं फौजेचं ९ एमएम पिस्तूल त्यांनी सुरू केलेल्या आणि त्यांच्यामागे एफएनच्या सैव्ह यांनी १९३५ मध्ये पूर्ण केलेल्या डिझाईनवरचं. परवानाधारकांच्या .३२ पिस्तुलातलं काडतूसही मूळ त्यांचंच.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममध्ये, एफएनच्या कारखान्यात काम करत असतानाच, हृदय बंद पडून ते गेले. वय ७१, नावावर १२८ पेटंटं.

मेहनत, चिकाटी आणि आपल्या कामाचं मोल मागण्याची हिंमत, हे त्यांच्याकडून जरूर घ्यावं. पण हत्यार कितीही सुबक असलं, तरी ते कुणाविरुद्ध मागवलं गेलं हेही विचारलं पाहिजे. १९११ चं कौतुक करणाऱ्या अनेक पुस्तकांत मोरो म्हणजे फक्त न थांबणारा वेडा शत्रू. आपण निदान एवढं लक्षात ठेवू की तो आपलं घर राखत होता.