गोलरक्षक रिचर्ड ॲलन

हॉकी म्हटले की तुम्हांला ध्यानचंद आठवतात. पण गोल करणाऱ्याइतकाच गोल अडवणाराही महत्त्वाचा असतो. असे एक थोर गोलरक्षक आपल्या भंडारा जिल्ह्याशेजारी, नागपूरला १९०२ साली जन्मले. त्यांचे नाव रिचर्ड ॲलन.

१९२८ साली भारताचा हॉकी संघ प्रथमच ऑलिंपिकसाठी ॲम्स्टरडॅमला गेला. भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले. ॲलन यांनी मात्र एकही गोल होऊ दिला नाही! अंतिम सामन्यात हॉलंडला ३-० असे हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. पुढे १९३२ साली लॉस एंजेलिसला आणि १९३६ साली बर्लिनलाही ॲलन संघात होते. दोन्ही वेळा सुवर्णपदक भारतालाच मिळाले. या तीन ऑलिंपिकमध्ये मिळून ॲलन यांच्यावर फक्त दोन गोल झाले. १९६९ साली त्यांचे निधन झाले.

मुलींनो, त्या काळी ऑलिंपिकमध्ये महिलांची हॉकी नव्हती. ती १९८० साली मॉस्कोला सुरू झाली. तिथे भारतीय महिला चौथ्या आल्या.

शाळेच्या मैदानावर गोलात उभे राहायला कोणी तयार होत नाही. तुमच्यावर ती पाळी आली, तर नाराज होऊ नका. ॲलन यांना आठवा.