व्हिक्टोरिया राणीला छोटं कुत्रं आवडलं आणि पामेरियनची अख्खी जातच छोटी झाली

मलकापूर स्टेशनवरून मुंबईच्या गाडीत बसलं की शेवटचं स्टेशन येतं सीएसएमटी. 1996 पर्यंत त्याचं नाव होतं व्हिक्टोरिया टर्मिनस. उलट दिशेने नागपूरला गेलं, तर तिथे जमशेदजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केलेली कापडगिरणी होती. तिचं नाव एम्प्रेस मिल. एम्प्रेस म्हणजे सम्राज्ञी, आणि ही सम्राज्ञी म्हणजेसुद्धा व्हिक्टोरिया. मलकापुरातून जाणारी रेल्वेलाईनही तिच्याच काळात टाकली गेली.

ही नावं बदलली, गिरणी बंद पडली. पण या राणीची एक खूण आजही गल्लोगल्ली फिरते आहे. पांढरं झुपकेदार अंग, कोल्ह्यासारखं टोकदार तोंड, पाठीवर वळलेली शेपटी आणि दारात कोणी आलं की घर डोक्यावर घेणारा आवाज. बरोबर, पामेरियन.

एकेकाळी हे कुत्रं चांगलं मध्यम आकाराचं होतं. मग ते इतकं लहान कसं झालं आणि त्याची किंमत कुत्र्यांनी कशी मोजली, हे समजून घ्यायचं तर राणीच्या आयुष्यात डोकवावं लागतं.

एकट्या मुलीचा सोबती

व्हिक्टोरियाचा जन्म 24 मे 1819 चा, लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यातला. ती आठ महिन्यांची असताना वडील गेले. आई आणि आईचा कारभारी जॉन कॉनरॉय यांनी तिला कडक पहाऱ्यात वाढवलं. बरोबरीच्या मुलांशी फारसं खेळायचं नाही, एकटीने झोपायचं नाही, जिना उतरतानासुद्धा कोणाचा तरी हात धरायचा. पुढेमागे ही मुलगी राणी झाली तर सत्ता आपल्या हातात राहावी, हा त्यामागचा हिशोब.

1833 मध्ये कॉनरॉयने तिच्या आईला एक कुत्रा भेट दिला. किंग चार्ल्स स्पॅनियल जातीचा, लांब कानांचा. नाव डॅश. भेट आईला होती, पण डॅश झाला मुलीचा. तेरा वर्षांची व्हिक्टोरिया त्याला लाल कोट आणि निळी विजार घालायची. त्या मोठ्या राजवाड्यात तिच्याकडून काहीही नको असलेला जीव बहुतेक तो एकच होता.

20 जून 1837 ला, वयाच्या अठराव्या वर्षी, ती राणी झाली. पुढच्या वर्षी 28 जूनला राज्याभिषेक झाला. दिवसभराचा सोहळा उरकून घरी आल्यावर राणीने काय केलं? डॅशला आंघोळ घातली.

1840 मध्ये तिचं मामेभाऊ अल्बर्टशी लग्न झालं. त्याच वर्षाच्या शेवटी डॅश गेला. विंडसरला त्याची समाधी बांधण्यात आली.

कुत्र्यांची कैवारी राणी

त्या काळात इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या झुंजी लावल्या जायच्या आणि गाडीला कुत्री जुंपली जायची. प्राण्यांवरचे अत्याचार थांबवण्यासाठी 1824 मध्ये लंडनला एक संस्था सुरू झाली होती. व्हिक्टोरियाने राजकन्या असतानाच तिला आश्रय दिला आणि 1840 मध्ये संस्थेच्या नावात रॉयल हा शब्द लावायची परवानगी दिली. आज जगभर ओळखली जाते ती आरएसपीसीए हीच. बेवारस कुत्री सांभाळणाऱ्या बॅटरसीच्या आश्रमालाही 1885 मध्ये तिने आपला आश्रय दिला.

विंडसरच्या आवारात तिने कुत्र्यांसाठी स्वतंत्र निवारा बांधून घेतला होता. तिथे कॉली, डॅक्सहुंड, पग अशा अनेक जाती होत्या. त्यात एक कुत्री तर थेट चीनमधून आलेली. 1860 मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला, तेव्हा एका इंग्रज कप्तानाला तिथे एक पिटुकली पेकिनीज सापडली. त्याने ती राणीला नजर केली. तिचं नाव ठेवलं लूटी. आपल्याकडचा लूट हा शब्द तोवर इंग्रजीत रुळला होता आणि तोच त्या बिचारीच्या कपाळी आला.

1861 मध्ये अल्बर्ट वारला. राणी बेचाळीस वर्षांची होती. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, तिने काळे कपडे सोडले नाहीत. माणसांत मिसळणं तिने कमी केलं. कुत्र्यांची सोबत मात्र वाढतच गेली.

फ्लॉरेन्सची ट्रिप आणि मार्को

1888 मध्ये राणी इटलीतल्या फ्लॉरेन्सला गेली होती. तिथे तिच्या नजरेत भरली पामेरियन कुत्री. जर्मनी आणि पोलंडच्या बाल्टिक किनाऱ्यावर पोमेरानिया नावाचा प्रांत आहे, त्यावरून हे नाव पडलं. त्यांचे पूर्वज बर्फाळ मुलखातले, म्हणून अंगावर केसांचे दोन थर.

इंग्लंडला ही जात नवी नव्हती. व्हिक्टोरियाची आजी, राणी शार्लट, हिनेही अठराव्या शतकात जर्मनीहून अशी कुत्री आणली होती. पण त्या काळच्या चित्रांत बघितलं तर ती चांगली थोराड दिसतात.

व्हिक्टोरियाने फ्लॉरेन्सहून आणलेल्या कुत्र्यांत मार्को हा तिचा लाडका. वजन साधारण साडेपाच किलो. 1891 मध्ये लंडनला क्रफ्ट्स नावाचं कुत्र्यांचं प्रदर्शन पहिल्यांदा भरलं, तेव्हा राणीने आपले पामेरियन तिथे उतरवले. सम्राज्ञीची कुत्री म्हटल्यावर बघायला गर्दी झाली.

मग जे व्हायचं तेच झालं. राणीकडे छोटा पामेरियन आहे म्हणून सरदारांना तसाच हवा झाला, सरदारांकडे आहे म्हणून व्यापाऱ्यांना. पैदास करणाऱ्यांनी प्रत्येक वितीतलं सगळ्यात लहान पिल्लू निवडायचं आणि त्याची जोडी तशाच दुसऱ्या लहान पिल्लाशी लावायची, असा सपाटा लावला. व्हिक्टोरियाच्या हयातीत पामेरियनचा आकार जवळपास निम्म्यावर आला असं मानलं जातं. आज प्रदर्शनात उतरणारा पामेरियन दीड ते सव्वातीन किलोचा असतो. खुद्द मार्को आज आला तर तो जाडा ठरेल.

शुद्ध रक्ताची गोम

1873 मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. कुत्र्यांच्या वंशावळी वहीत नोंदल्या जाऊ लागल्या. ज्याचे आईबाप वहीत, तोच शुद्ध जातीचा. म्हणजे नवीन रक्त यायची वाट जवळपास बंद झाली. त्यात एखादा बक्षीसपात्र नर असला की सगळ्यांना त्याचीच पिल्लं हवी असायची. दोन-चार पिढ्यांत सगळी कुत्री एकमेकांची चुलत-मावस भावंडं.

यात धोका असा की बरेच आनुवंशिक आजार दबलेले असतात. आई आणि बाप दोघांकडून तोच दोष आला तरच ते वर येतात. नात्यातच जोड्या लागत गेल्या की दोन्हीकडून एकच दोष येण्याची शक्यता वाढते.

एखादा दोष रक्तातून किती दूर जातो, हे खुद्द राणीच्या घरात दिसलं. हिमोफिलिया या आजारात रक्त लवकर गोठत नाही, साधी जखमही जिवावर बेतते. हा दोष व्हिक्टोरियाकडून तिच्या मुलांकडे गेला. तो नात्यातल्या लग्नामुळे आला नव्हता, आईकडून थेट उतरणारा हा आजार आहे. पण युरोपातली राजघराणी आपापसांतच सोयरीक करत असल्याने तो स्पेन आणि रशियापर्यंत पोचला. राणीचा मुलगा लिओपोल्ड 1884 मध्ये पडल्याचं निमित्त होऊन वयाच्या तिशीत गेला. रशियाचा शेवटचा युवराज अलेक्सी हा तिचा पणतू, त्यालाही हाच आजार होता. 2009 मध्ये या रशियन राजघराण्याच्या अस्थींची तपासणी झाली तेव्हा तो हिमोफिलिया बी असल्याचं सिद्ध झालं.

राजघराण्यात हे उघड दिसलं, कारण मुलं डोळ्यांसमोर जात होती. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र पिल्लू गोंडस दिसतंय ना, एवढंच बघितलं गेलं.

छोट्या देहाचं दुखणं

लहान कुत्र्यांबद्दल एक चांगली गोष्ट आधी सांगायला हवी. सहसा ती मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्त जगतात. नीट सांभाळलेला पामेरियन बारा ते सोळा वर्षं सोबत करतो. पण काही दुखणी त्याच्या आकारासोबतच येतात.

पहिलं गुडघ्याचं. वाटी जागेवरून सरकते. कुत्रं चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन-तीन पावलं लंगडी घालतं आणि परत नीट चालायला लागतं. घरच्यांना ती गंमत वाटते, प्रत्यक्षात ती आजाराची सुरुवात असते.

दुसरं श्वासनलिकेचं. ती आधार देणाऱ्या कड्यांनी बनलेली असते. लहान जातींत ही कडी कमजोर होऊन नळी चपटी होते आणि बदक ओरडल्यासारखा कोरडा खोकला येतो. गळ्यातला पट्टा ओढला की त्रास वाढतो. म्हणून अशा कुत्र्याला गळ्याऐवजी छातीचा पट्टा बरा.

तिसरं दातांचं. जबडा लहान झाला, पण दात तेवढेच राहिले. दाटीवाटीत अन्न अडकतं, कीटण चढतं, हिरड्या सुजतात. तोंडाला घाण वास येणं हे कुत्र्याचं वयच आहे असं समजून सोडून दिलं जातं, तिथेच चुकतं.

चौथं हृदयाचं. उतारवयात लहान कुत्र्यांच्या हृदयाची झडप सैल पडते. रात्री खोकला, लवकर धाप लागणं ही त्याची लक्षणं. डॅशच्या किंग चार्ल्स जातीचे भाऊबंद या आजारासाठी कुप्रसिद्ध आहेत. त्या जातीचं नाकही पुढे फॅशनपायी इतकं चपटं केलं गेलं, की 1926 मध्ये एका अमेरिकन माणसाने क्रफ्ट्समध्ये जुन्या लांब नाकाच्या कुत्र्यासाठी 25 पौंडांचं बक्षीस लावलं. त्यातून आजचा कॅव्हेलियर किंग चार्ल्स तयार झाला. म्हणजे माणसाने ठरवलं तर गाडी थोडीफार मागेही आणता येते.

आणि अगदी लहान पिल्लांचं पाचवं दुखणं, रक्तातली साखर एकदम उतरणं. काही तास पोट रिकामं राहिलं तरी पिल्लू थरथरतं, मलूल होतं. त्यांना दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला द्यावं लागतं.

आपल्याकडचा पामेरियन वेगळाच आहे

आता मजेची गोष्ट. मलकापूर, भुसावळ, अकोल्याच्या घरांत ज्याला पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा पामेरियन नसतोच. तो असतो इंडियन स्पिट्झ. इंग्रजांच्या काळात इथल्या हवेला तोंड देऊ शकतील अशी स्पिट्झ कुत्री निवडून ही जात तयार झाली. तो अंगाने थोराड, तोंडाने थोडा लांबट आणि उन्हाला जास्त टिकणारा. 1994 च्या हम आपके है कौन मधला टफी आठवतो? तो हाच. परदेशी कुत्री सहज मिळत नव्हती त्या काळात घराघरांत तोच पोचला.

आता मात्र मोबाईलवर रील बघून टीकप, मिनी, टॉय अशा नावांची पिल्लं मागवली जातात. टीकप पामेरियन नावाची कुठलीही मान्य जात नाही. पुष्कळदा ते वितीतलं सगळ्यात अशक्त पिल्लू असतं, किंवा आईपासून फार लवकर तोडलेलं. 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पिल्लाची आई बघायला मागणं, ही सगळ्यात साधी आणि खात्रीची परीक्षा.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. म्हणून फिरवायचं ते पहाटे आणि दिवेलागणीनंतर. दुपारच्या डांबरी रस्त्यावर पावलं भाजतात. उन्हाळा आला म्हणून पूर्ण केस कापून टाकायची चूक मात्र करू नये. तो दुहेरी थर उन्हापासूनही राखण करतो आणि पामेरियनमध्ये एकदा भादरलेले केस पुन्हा नीट येतीलच असं नाही.

शेवटची सोबत

जानेवारी 1901. आईल ऑफ वाईट बेटावरच्या ऑस्बोर्न हाऊसमध्ये व्हिक्टोरिया अंथरुणाला खिळली होती. वय एक्क्याऐंशी, राज्य करून त्रेसष्ट वर्षं झालेली. पलंगाभोवती मुलं, नातवंडं, त्यात जर्मनीचा कैसरसुद्धा. तिने आपल्या तुरी नावाच्या पामेरियनला जवळ आणायला सांगितलं. त्याला पलंगावर ठेवण्यात आलं. 22 जानेवारीला ती गेली.

कुत्र्यांच्या कैवाराला आपलं नाव देणाऱ्या या बाईने जाणूनबुजून कुत्र्यांचं वाईट केलं असं कोणी म्हणू शकत नाही. तिला फक्त लहान कुत्रं आवडलं. बाकीचं काम तिची नक्कल करणाऱ्यांनी आणि मागणी दिसताच पुरवठा करणाऱ्यांनी केलं. आज राणीची जागा रीलने घेतली आहे, एवढाच फरक.

पामेरियन घरात असेल, तर आज तो चालताना मागचा पाय उचलतो का, एवढं तरी बघायला हरकत नाही.