रेव्हरंड नारायण वामन टिळक

थोरांचीं चरित्रें वाचतांना ते जन्मतःच थोर होते, असा आपला समज होतो. रेव्हरंड टिळकांचें चरित्र हा समज दूर करितें.

रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें ६ डिसेंबर १८६१ रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील तापट होते; आई जानकीबाई भाविक व काव्यप्रिय होत्या. आईच्या मृत्यूनंतर बाल नारायणानें घर सोडलें व नाशिक गांठलें. तेथें गणेशशास्त्री लेले यांजपाशीं त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. परंतु इंग्रजी शाळेंतील शिक्षण अर्ध्यावरच राहिलें. पुढें लक्ष्मीबाईंशीं विवाह झाला, तरी चित्त स्थिर होईना. आज शिक्षक, उद्यां पुराणिक, परवां छापखान्यांत चाकरी! क्षुल्लक कारणावरून ते नोकरी सोडीत, न सांगतां घरांतून निघून जात. हातांत पैसा टिकत नसे आणि राग नाकावर असे. त्यांची बुद्धि मोठी होती. पण तिला धनी नव्हता. या गोष्टी लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत मोकळेपणानें लिहिल्या आहेत.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नव्या कराराची प्रत दिली. टिळक वाचूं लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं येऊन थबकले. ज्या परमेश्वराचा शोध ते करीत होते, तो त्यांस तेथें भेटला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या नव्या आरंभाची किंमत जबर होती. पत्नी व लहानगा दत्तू दुरावले. आप्तांनीं पाठ फिरविली. तथापि टिळकांनीं पत्नीवर धर्माची सक्ती केली नाहीं. कित्येक वर्षांनीं त्या अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) आल्या, तेव्हां प्रथम त्यांचा स्वयंपाकही वेगळा असे. टिळकांनीं धीर धरिला. अखेर १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्या विचारानें ख्रिस्ताचा स्वीकार केला. पूर्वी जो मनुष्य क्षणांत घर सोडी, तोच आतां पांच वर्षें घराची वाट पाहूं शकला! हें सामर्थ्य त्याचें स्वतःचें नव्हे.

त्यांचा राग एका दिवसांत गेला, असें मात्र कोणी समजूं नये. तो पुढेंही अधूनमधून उफाळे. पण त्याचा पश्चात्तापही तितक्याच त्वरेनें होई. १९०४ मध्यें त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांनीं दुष्काळांतील अनाथ मुलांना आपलें मानिलें, बालकवि ठोमरे यांस घरीं आश्रय दिला आणि तुकोबांच्या अभंगांवर पोसलेल्या वाणीनें ख्रिस्ताचीं भजनें रचिलीं. तीं मराठी मंडळ्यांत आजही गाइलीं जातात.

मिशनच्या सेवेंत मान व निर्वाह दोन्ही लाभले असतां १९१७ सालीं त्यांनीं वेतन सोडलें. पूर्वी नोकरी सुटे ती लहरीनें. ही सोडिली ती समर्पणानें. साताऱ्यास जाऊन, बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठीं त्यांनीं 'देवाचा दरबार' स्थापिला. तेव्हां त्यांचें वय पंचावन्न होतें. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. त्यांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं नेलें.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेंत किंवा वर्तनांत चुकलों म्हणजे सर्व संपलें, असें मानूं नका. आणि पालकांसही विनंती कीं, चुकलेल्या मुलावर कायमचा शिक्का मारूं नये. प्रभु मोडकें पात्र टाकून देत नाहीं. तें तो पुन्हां घडवितो. त्याच्या हातीं स्वतःस देणें, एवढेंच आपलें काम आहे.