जामीन राहणारे जॉन ऑगस्टस

गुन्हेगाराला तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली ठेवून सुधारण्याच्या पद्धतीला प्रोबेशन म्हणतात. आपल्या मॉरिशसमध्ये तिचा कायदा १९४६ साली झाला. पण अमेरिकेत ह्या पद्धतीचा पाया एका जोडे शिवणाऱ्या गृहस्थाने घातला, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. त्या जॉन ऑगस्टस यांची ओळख आज आम्ही वाचकांना करून देत आहोत.

ऑगस्टस यांचे बोस्टन शहरात जोड्यांचे दुकान होते. दारू सोडवणाऱ्या एका मंडळाचे ते सभासद होते. १८४१ च्या ऑगस्ट महिन्यात ते पोलीस कोर्टात बसले असता फाटक्या कपड्यांतील एका दारुड्याला समोर आणण्यात आले. त्याच्याशी थोडे बोलून ऑगस्टस त्याला जामीन राहिले. तीन आठवड्यांनी त्याला परत आणले, तेव्हा हाच तो माणूस यावर कोणाचा विश्वास बसेना. तुरुंगाऐवजी त्याला एक सेंट दंड व कोर्टाचा खर्च एवढेच भरावे लागले.

मग हेच त्यांचे जीवनकार्य झाले. माणसाचे वय, पूर्वीचे वर्तन व संगत यांची ते आधी चौकशी करीत. त्याला काम व आसरा मिळवून देत आणि त्याच्या वागणुकीची हकीकत कोर्टाला कळवीत. ७ ते १५ वर्षांच्या मुलांनाही ते जामीन राहिले. १८५८ पर्यंत अशा माणसांची संख्या १,९४६ झाली.

पोलिसांना मात्र हे रुचले नाही. आरोपी तुरुंगात पोहोचवला की शिपायाला पैसे मिळत. तो सुटला की ते बुडत. ऑगस्टस यांना पगार नव्हता, त्यात धंदाही बसला. १८५९ साली ते वारले.

१८७८ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने प्रोबेशनचा कायदा केला. बोस्टनचे पहिले सरकारी प्रोबेशन अधिकारी एडवर्ड सॅव्हेज हे त्याच शहराचे माजी पोलीस प्रमुख होते! त्यांना पोलीस प्रमुखांच्या हाताखाली काम करायचे होते. १८९१ च्या कायद्याने ही नेमणूक कोर्टाकडे गेली.

आम्हाला यातून एक बोध घ्यावासा वाटतो. पोलिसाला रस्त्यावरची खबर असते, प्रोबेशन अधिकाऱ्याला घरची. दोघांनी मिळून काम करावे, पण एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. आणि आपल्या घरातला मुलगा चुकला, तर लाजेने दार लावून न घेता आपणही त्यांना साथ द्यावी. ऑगस्टस तर परक्यांसाठी उभे राहिले होते.