डॉ. भाभा आणि तुटपुंजी मेमरी

केदारखेड्यातला माझा जुना पीसी रेंगाळला की मला डॉ. होमी भाभा आठवतात! १९०९ साली मुंबईत जन्म, शिक्षण केंब्रिजला. परतून त्यांनी १९४५ साली टीआयएफआर उभारली. तिथल्याच तरुणांनी बनवलेला टिफ्रॅक कॉम्प्युटर १९६० साली कामाला लागला. मेमरी? ४० बिटांचे कप्पे, तेही मोजकेच! कुठं काय ठेवायचं, हा हिशेब प्रोग्रामरचाच. आज तो ऑपरेटिंग सिस्टीम बघते: रॅमची पानं पाडून वाटते, जागा संपली की न लागणारी पानं डिस्कवर सारते. डिस्क मंद, म्हणून पीसी रेंगाळतो. १९६६ साली भाभा विमान अपघातात गेले. पण तुटपुंज्या मेमरीत अख्खं मशीन इथंच उभं राहिलं, हे आम्हा खेड्यातल्या पोरांनी विसरू नये.