रेणूंची ओढ ओळखणारा शाळामास्तर



रसायनशास्त्राच्या पुस्तकात ‘व्हॅन डर वाल्स बल’ हे शब्द येतात. परीक्षेपुरती व्याख्या पाठ करून आपण पान उलटतो. ज्यांचे नाव या बलाला मिळाले ते गृहस्थ कोण होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ते शाळामास्तर होते, हे समजल्यापासून मला हा धडा शिकविताना वेगळाच हुरूप येतो. म्हणून त्यांची हकिकत आज आपणांस सांगत आहे.

योहानेस डिडेरिक व्हॅन डर वाल्स यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८३७ रोजी हॉलंडमधील लायडन शहरी झाला. वडील सुतारकाम करीत. दहा भावंडांत योहानेस थोरले. गावातच नामांकित विद्यापीठ होते, पण सुताराच्या मुलाला त्याचे दार बंद होते. प्रवेशासाठी लॅटिन व ग्रीक भाषा आवश्यक, आणि त्या शिकविणाऱ्या शाळेत जाण्याची या घराची ऐपत नव्हती. पंधराव्या वर्षी शाळा संपली आणि योहानेस एका प्राथमिक शाळेत उमेदवार शिक्षक म्हणून काम करू लागले.

इथेच गोष्ट संपली असती, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण दिवसा शिकवावे आणि उरलेल्या वेळात शिकावे, असा क्रम त्यांनी धरला. एकामागून एक परीक्षा देत ते मुख्याध्यापकपदास पात्र ठरले. रीतसर प्रवेश नसलेल्यांनाही विद्यापीठात वर्षाला काही ठराविक विषयांच्या व्याख्यानांस बसता येई. १८६२ पासून त्यांनी या सवलतीचा लाभ घेतला. १८६५ मध्ये ते डेव्हेंटर येथील माध्यमिक शाळेत पदार्थविज्ञानाचे शिक्षक झाले व पुढील वर्षी द हेग येथे आले. तेथून लायडन जवळ, म्हणून व्याख्याने पुन्हा सुरू झाली. पुढे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना लॅटिन-ग्रीकची अट माफ झाली आणि १४ जून १८७३ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

त्या प्रबंधात असे काय होते? तोपर्यंत वायूचे गणित मांडताना रेणूंना आकारमान नाही व ते एकमेकांस ओढत नाहीत, असे धरले जाई. हे खरे असते तर कोणताही वायू कधी द्रव झालाच नसता! व्हॅन डर वाल्स यांनी दोन दुरुस्त्या केल्या. रेणू थोडी का होईना जागा व्यापतात, आणि ते एकमेकांना किंचित ओढतात. या दोन गोष्टी धरताच वायू व द्रव ही एकाच पदार्थाची दोन रूपे एका समीकरणात बसली. कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१ अंश सेल्सियसच्या वर कितीही दाबला तरी द्रव का होत नाही, याचाही उलगडा झाला. रेणू खरोखर असतात की ती नुसती कल्पना, याविषयी त्या काळी अनेक विद्वान साशंक होते, हे ध्यानात घ्या.

आता परीक्षेत हमखास होणारी एक चूक सांगतो. पाणी उकळते तेव्हा हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्यातील सहसंयुज बंध तुटतो, असे बरीच मुले लिहितात. तसे होत नाही. रेणूच्या आतला तो बंध बळकट असतो. तुटते ती रेणू-रेणूंमधील ओढ. पाण्याच्या बाबतीत ती मुख्यत्वे हायड्रोजन बंधाची. मिठात सोडियम व क्लोरीनचे आयन आयनिक बंधाने घट्ट धरलेले असतात, म्हणून ते वितळण्यास सुमारे ८०० अंश तापमान लागते. उलट कपड्यांच्या पेटीतील डांबराच्या गोळ्या घ्या. त्यांचे रेणू केवळ व्हॅन डर वाल्स बलाने एकत्र राहतात; म्हणून गोळी न वितळताच हळूहळू उडून जाते.

इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी या प्रबंधाची दखल घेतली. १८७७ मध्ये व्हॅन डर वाल्स अॅमस्टरडॅम विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८८१ मध्ये पत्नी आन्ना यांचे क्षयाने निधन झाले. चार मुले मागे राहिली. या आघातानंतर कित्येक वर्षे त्यांच्या हातून काही लिहून झाले नाही. तरीही ते सावरले व पुन्हा कामास लागले. त्यांच्या सिद्धांताच्या आधारे कामर्लिंग ओनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी लायडन येथेच हेलियम वायू द्रवरूप केला. १९१० मध्ये व्हॅन डर वाल्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ८ मार्च १९२३ रोजी ते निवर्तले. ही ओढ मुळात का निर्माण होते, याचे पुंजभौतिकी स्पष्टीकरण फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये दिले.

पालकहो, या चरित्रात एक गोष्ट माझ्या मनाला लागते. त्या मुलाच्या बुद्धीत कधीच उणीव नव्हती. दारावरची अट आड येत होती. विद्यापीठाने बाहेरच्यांसाठी एक फट ठेवली होती, तीतून तो आत शिरला. आपल्याही घरी एखादा मुलगा किंवा मुलगी शाळा सुटून कामाला लागली असेल. बाहेरून परीक्षा देण्याची सोय आज आहे. तिची चौकशी करा, आणि त्यांची पुस्तके रद्दीत घालू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी हे नाव पुस्तकात आले की व्याख्येबरोबर त्या सुताराच्या मुलाचीही आठवण ठेवा.